परेशभाईंच्या गल्ल्याभोवतीचे नाणेवेडे

नाणी जमवणाऱ्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. "ह्यात एवढं काय असतं हो?" मी गेली कित्येक वर्षं ह्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतेय आणि दर वेळी उत्तर राहतं बाजूला, मी एखादा किस्सा सांगून मोकळी होते. त्यामुळे उत्तर काही अजून सापडलेलं नाही, किस्से मात्र भरपूर साठलेत. कुठलं नाणं कुठून आलं ते आता विसरायला होतं. पण त्या नाण्यापायी कोण कसं हसलं, कोण कुणावर रुसलं, ते लख्ख आठवतं.

आमचा कंपू लहानसा. डहाणू रोडला परेशभाईंचं किराणा दुकान आहे. त्याच्या बाजूच्या ओट्यावर रविवारी सकाळी आम्ही जमतो. स्वतः परेशभाई, तलासरीचे गुरांचे डॉक्टर निकम, कासाच्या पुढच्या एका पाड्यावर राहणारे जयराम गुरुजी, आणि मी. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवतात आणि रविवारी जीपमध्ये मिळेल तिथे बसून येतात. मी इथल्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाले तरी सगळ्यांसाठी मी "बाई"च. आणखी एक जण आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी सांगते. आमची संस्था नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. चहा परेशभाईंच्या घरून येतो आणि फाफडा ज्याला आठवेल तो आणतो.

* * *

मी ह्यात पडले ती चार आण्यांमुळे.

चार आण्याची नाणी बंद होणार अशी बातमी आली होती. माझ्याकडे एक डबाभर होती. वर्गात रंगपेटीसाठी, कागदासाठी मुलांनी आणून दिलेली सुट्टी नाणी वर्षानुवर्षं त्यात पडत गेली होती. मी डबा उचलला आणि परेशभाईंच्या काउंटरवर नेऊन ठेवला. म्हटलं, घ्या बाबा, ह्याचं काय साबण-बिबण येत असेल ते द्या.

परेशभाईंनी डबा उपडा केला आणि मोजायच्या ऐवजी एकेक नाणं उलटं करून बघत बसले. मागे गिऱ्हाइकं उभी. मला वाटलं खोटी नाणी शोधतायत. जरा रागच आला. तेवढ्यात त्यांनी एक नाणं माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाले, "बाई, जरा चश्मा घाला ने."

घातला. नाण्यावर गेंडा होता.

आता चार आण्यावर गेंडा असतो हे मला माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं. पण मी आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट घसा फोडून शिकवत आले होते: दिलेल्या आकारात चित्र कसं बसवायचं. वर्तुळात प्राणी काढायला सांगितला की मुलं एक तर मधोमध उंदराएवढा काढतात, नाही तर शेपूट बाहेर जाते. आणि इथे नखाएवढ्या वर्तुळात एवढं अवाढव्य जनावर ऐटीत उभं होतं. कातडीच्या वळ्या दिसत होत्या. चारही पाय जमिनीवर नीट टेकलेले. पोटाखाली मोकळी जागा सोडलेली, वर मान वळवायलाही जागा. ज्याने कुणी हे काढलं असेल त्याला मी पूर्ण मार्क दिले असते, आणि मी पूर्ण मार्क कुणाला देत नसे.

मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. परेशभाई हळूच म्हणाले, "एवढी वर्षं ह्याच नाण्याने पेन्सिली घेतल्या तुम्ही, बाई."

मी सगळी नाणी परत डब्यात भरली. साबण रोख पैसे देऊन घेतला. घरी गेल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "डबा परत का आणलास? घेतला नाही का त्यांनी?"

म्हटलं, "मीच दिला नाही. आत गेंडे आहेत."

* * *

परेशभाईंचं नाणी जमवणं त्यांच्या घरात कुणाला धड माहीत नव्हतं, ओट्यावरचा रविवार म्हणजे नुसत्या गप्पा असंच वाटायचं, त्या काळातली ही गोष्ट.

नाण्यावर साल असतं आणि सालाच्या खाली एक बारीकशी खूण असते. त्या खुणेवरून नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते कळतं. मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. ठिपक्याला आम्ही टिकली म्हणतो. एकाच सालाचं एकच नाणं, पण चौकटवालं पैशाला पासरी आणि टिकलीवालं शोधून सापडत नाही, असं पुष्कळदा होतं. मग फोनाफोनी.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. परेशभाई डॉक्टरांशी फोनवर बोलत होते. मागच्या दाराशी त्यांच्या बायको कोकिळाबेन चहा घेऊन आल्या आणि तिथेच थबकल्या. कारण परेशभाई अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणत होते, "टिकलीवाली मिळाली, पण फार घासलेली आहे. मन नाही भरत. चांदणी आहे एक माझ्याकडे, सुंदर आहे, ती तुम्हाला देतो. पण घरी नको, दुकानातच या."

कोकिळाबेननी चहा काउंटरवर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "चांदणी कोण?"

त्यानंतर अर्धा तास परेशभाई सगळी नाणी काउंटरवर मांडून भिंग हातात देऊन बायकोला टिकली, चांदणी, चौकट समजावत होते. कोकिळाबेननी सगळं ऐकून घेतलं. एकेक नाणं बघितलं. शेवटी म्हणाल्या, एवढंच होतं तर इतकी वर्षं लपवून काय ठेवलंत, मला वाटायचं दुकानात तुमचं लक्ष का लागत नाही.

आता रोज रात्री हिशोबाआधी गल्ला त्याच चाळतात. त्यांची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा बारीक आहे. आणि परेशभाईंचा फोन वाजला की आतून विचारतात, "कोण, चांदणी का?"

* * *

डॉक्टर निकम आमच्यात आले ते एका हत्तीमुळे.

ते मूळचे देशावरचे. बदली होऊन तलासरीला आले तेव्हा एकटेच होते, कुटुंब गावी. रविवारी सामान घ्यायला परेशभाईंकडे यायचे, यादी द्यायचे, सामान घेऊन जायचे. बोलणं शून्य. परेशभाईंना वाटायचं, साहेब माणूस आहे, आपल्याशी काय बोलणार. डॉक्टरांना काय वाटायचं ते त्यांनी मागाहून सांगितलं: इथे मराठी, गुजराती आणि वारली अशी मिसळून चाललेली बोलणी ऐकून आपण मध्ये तोंड कुठे घालायचं तेच त्यांना कळायचं नाही.

त्या रविवारी ओट्यावर मोठं भांडण पेटलं होतं. पंचम जॉर्जच्या वेळच्या एका चांदीच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर बारकासा हत्ती काढलेला आहे. पहिल्यांदा पाडलेल्या नाण्यांत त्या हत्तीची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि हत्ती सुधारून नवी पाडली. म्हणून तो पहिला, चुकलेला रुपया जमवणाऱ्यांना हवाहवासा. त्याला डुकराचा रुपया म्हणतात. परेशभाईंच्या मामांनी उंबरगावहून असा एक रुपया आणून दिला होता, पण तो वापरून इतका झिजलेला की परेशभाई म्हणत, डुक्करच आहे, आणि जयराम गुरुजी म्हणत, हत्ती आहे, सुधारलेला आहे, उगाच खूश होऊ नका.

डॉक्टर यादी हातात धरून उभे होते. गुरुजींनाच सुचलं. म्हणाले, "अहो, गुरांचे डॉक्टर आहेत ना हे? त्यांनाच विचारू या."

डॉक्टरांनी यादी खाली ठेवली. भिंग घेतलं. नाणं उजेडात धरून, तिरकं करून, पाठीकडून, पोटाकडून सगळीकडून तपासलं. एवढा वेळ घेतला की आमचा चहा निवला. मग भिंग खाली ठेवून, पेशंटच्या मालकाला सांगावं तसं गंभीरपणे म्हणाले, "जनावर हत्तीच आहे. पण वाढ नीट झालेली नाही."

परेशभाई उठून उभेच राहिले. वाढ न झालेला हत्ती म्हणजे पहिलाच रुपया! त्यांनी आत हाक मारून आणखी एक चहा सांगितला. डॉक्टर त्या दिवशी ओट्यावर बसले ते दुपारी जेवूनच तलासरीला गेले. अजूनही कुणी त्या रुपयाबद्दल शंका काढली तर परेशभाई म्हणतात, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे.

* * *

जयराम गुरुजींच्या आईचा किस्सा मी बाहेरच्या माणसांना फारसा सांगत नाही, कारण तो सांगताना मला हसूही येतं आणि दुसरंही काही होतं.

गुरुजींना तांब्याच्या जुन्या पैशांचा नाद. एक पै, पाव आणा, अर्धा पैसा, असली नाणी. तांबं जुनं झालं की त्याला चॉकलेटसारखा गडद रंग चढतो. जमवणाऱ्याच्या लेखी तो रंग म्हणजे त्या नाण्याचं वय. त्याला कधीही हात लावायचा नाही. धुवायचं नाही, पुसायचं नाही, घासायचं तर स्वप्नातही नाही. एकदा घासलं की नाणं गेलं. गुरुजींनी बाजारात, जत्रेत, कुणाकुणाच्या घरी फिरून असे पैसे जमवले होते आणि एका पत्र्याच्या पेटीत फडक्यावर मांडून ठेवले होते.

दिवाळीच्या आधी ते शाळेच्या कामाला तालुक्याला गेले होते. घरी आईने साफसफाई काढली. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून झाली, चिंच उरली, आणि तिला मुलाची पेटी आठवली. बिचाऱ्याची सगळी नाणी कशी काळी पडली आहेत.

गुरुजी संध्याकाळी आले तेव्हा अंगणात सुपात सगळे पैसे वाळत घातले होते. एकेक पैसा नव्या लग्नातल्या कळशीसारखा झळाळत होता. आई बाजूला बसली होती, बोटं चिंचेने पांढरी पडलेली. म्हणाली, "बघ आता कशी बेस दिसतात."

गुरुजी आम्हाला सांगत होते, की बाई, मी सुपाकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे बघितलं आणि म्हटलं, हो, बेस दिसतात.

पुढे एकदा मुंबईहून एक नाणीवाले गृहस्थ आमच्या ओट्यावर आले होते. मोठे जाणकार. गुरुजींनी आपली पेटी दाखवली. त्यांनी एक नाणं उचललं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, अरेरे, कुठल्या मूर्खाने ही साफ केली?

गुरुजी भांडणारे नाहीत. मी त्यांना आवाज चढवताना पाहिलेलं नाही. त्यांनी त्या गृहस्थांच्या हातातून नाणं घेतलं, पेटीत जागेवर ठेवलं, पेटी मिटली आणि म्हणाले, "माझ्या आईने केली."

ते गृहस्थ ओशाळले. माफी मागायला लागले. गुरुजी म्हणाले, असू द्या, चहा घ्या.

आता वर्षभर आम्हा सगळ्यांना एक काम असतं. कुठे काळेकुट्ट, साल न दिसणारे, काही भाव नसलेले तांब्याचे पैसे दिसले की ते बाजूला ठेवायचे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गुरुजी ते सगळे पिशवीत भरून पाड्यावर नेतात. कारण आई दरवर्षी विचारते, "अरे, ह्या वर्षी काही घासायचं नाही का तुझं?"

* * *

सरावलीचं एक म्हातारं जोडपं एकदा दुकानात आलं. परेशभाईंना वाटलं तांदूळ घ्यायचे असतील. आजोबांनी इकडेतिकडे बघून धोतराच्या सोग्यातून रुमाल काढला, रुमालातून कागद, आणि कागदातून हळदकुंकू लागलेलं, देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं.

त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. देवीचं चित्र असलेल्या अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे. पुतण्याने हेही सांगितलं की डहाणूला ते परेशभाई ह्यातलं बघतात. आजोबांनी सगळे बेतही करून ठेवले होते. घरावर पत्रे, विहिरीवर पंप, आणि उरलं तर म्हातारीला दोन बांगड्या. हे सगळं ते उभ्याउभ्या सांगत होते. आजी दुकानाच्या पायरीवर बसून होत्या, पदराआड तोंड करून.

असे लोक महिन्यातून एक-दोन येतातच. त्यांना खरं सांगणं हे आमच्या छंदातलं सगळ्यात वाईट काम. परेशभाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग सावकाश सांगितलं की काका, असले व्हिडिओ खोटे असतात. ही नाणी सरकारने पुष्कळ काढली होती. ह्याचे पाचच रुपये येणार. फार तर कुणी हौशी माणूस थोडे जास्त देईल, बस.

आजोबा नाण्याकडे बघत राहिले. पुन्हा एकदा विचारलं, नीट बघितलंत ना? परेशभाईंनी पुन्हा भिंग लावून बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. मीही बघितलं. आमच्यापैकी कुणालाच त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात आजी पायरीवरून उठल्या. आल्या तेव्हा किती वाकून आल्या होत्या, आणि आता तरातरा काउंटरपाशी आल्या. नाणं उचललं, कपाळाला लावलं, पदराच्या टोकाला गच्च बांधलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की आजोबाही बघत राहिले. मग नवऱ्याला म्हणाल्या, "चला आता घरी. देवीला सकाळपासून उपाशी ठेवलंय."

* * *

भोकाचा पैसा तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. स्वातंत्र्याच्या थोडं आधी निघालेला, मधोमध मोठं गोल भोक. परेशभाईंकडे त्याची सगळी सालं होती, एक सोडून. आणि ते एक साल धाकटी डहाणूत आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं.

धाकटी डहाणूत मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. तिथल्या एका आळीत असा एक पैसा काळ्या दोऱ्यात ओवलेला होता. आळीत मूल जन्मलं की तो त्याच्या कमरेला बांधायचे. मूल चालायला लागलं की सोडून पुढच्या बाळाला. किती पोरांच्या कमरेवरून तो फिरला होता त्याची गणती कुणालाच नव्हती.

परेशभाई तिकडे गेले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. जिच्या बाळाच्या कमरेला तो पैसा होता त्या बाईचं नाव हेमलता. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. परेशभाईंनी भीतभीत विषय काढला. बदल्यात चांदीचा करगोटा करून देतो, म्हणाले. हेमलताने ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, पैसा काही माझ्या एकटीचा नाही, पण आधी बघून तर घ्या तुम्हाला हवा तोच आहे का. माझे हात बोंबलाचे आहेत, बाळाला तुम्हीच घ्या.

परेशभाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. एका हाताने भिंग धरलं, दुसऱ्या हाताने पैसा पलटला. साल शोधत असतानाच बाळाने त्यांचा इस्त्रीचा शर्ट गळ्यापासून खालपर्यंत भिजवला. आणि भिजवून झाल्यावर त्यांच्याकडे बघून हसलं. हेमलता धावत आली, तिला काय करू नि काय नको झालं. परेशभाई म्हणाले, राहू दे, राहू दे, लहान आहे.

ओट्यावर आले तेव्हा शर्ट वाळला होता, वास येत होता, आणि हातात पैसा नव्हता. आम्ही विचारलं, काय झालं, साल दुसरं निघालं का?

"तेच होतं."

"मग?"

"मी तिला सांगितलं, नीट वाचता नाही आलं."

डॉक्टर म्हणाले, अहो, मूल चालायला लागेपर्यंत थांबा, मग रीतसर मागून घ्या. परेशभाई थांबले. मध्येमध्ये धाकटी डहाणूला जाऊन बाळ रांगतं का, उभं राहतं का, ते बघून यायचे. जाताना खुळखुळा, बिस्किटं काहीतरी न्यायचे. शेवटी एका रविवारी आल्याआल्या म्हणाले, "चालायला लागला."

आम्ही सगळे खूश. गुरुजींनी विचारलं, पैसा आणलात?

परेशभाई खाली बसले आणि म्हणाले, "शेजारणीला मुलगी झाली."

* * *

आता फ्रेनीबाई.

समुद्राकडे जाताना त्यांची चिकूची वाडी आहे. वय झालंय, पण फ्रॉक, पांढरे बूट आणि छत्री अशा थाटात रविवारी रिक्षाने येतात. परेशभाईंकडून आठवड्याचं सामान घेतात आणि मग आमच्यात बसतात. त्यांच्या घरी एक बोर्ड आहे. त्यांचे यजमान दिनशाजी ह्यांनी जाड पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून तो बनवला होता. त्यात दोन रुपयांची ती जुनी, कोपऱ्याकोपऱ्यांची, भारताचा नकाशा असलेली नाणी दर सालाचं एक अशी बसवलेली. चिकू विकून आलेली नाणी संध्याकाळी टेबलावर ओतायची आणि दोघांनी मिळून त्यात सालं शोधायची, हा त्यांचा संसारातला खेळ. नियम एकच होता. नाणं विकत घ्यायचं नाही, मागायचं नाही. व्यवहारातून आपोआप हातात आलं पाहिजे.

बोर्डातलं एक भोक रिकामं राहिलं. कुठल्या सालाचं ते सांगत नाही, नाही तर तुम्ही सगळे आपापले डबे उघडून बसाल. काही फार दुर्मिळ साल नाही. पण त्यांच्या हातात ते आलं नाही. दिनशाजी गेले तेव्हाही ते भोक रिकामंच होतं. फ्रेनीबाई एकट्या शोधत राहिल्या. दर रविवारी परेशभाईंनी सुट्टे पैसे दिले की काउंटरवरच उभं राहून एकेक नाणं बघायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. चेहरा पडायचा नाही. एकदा गुरुजींनी न राहवून सांगितलं, मुंबईला नाणीवाल्यांकडे हे सहज मिळतं, मी आणून देऊ का?

फ्रेनीबाई म्हणाल्या, "मिळतं रे, डिकरा. यायला पाहिजे."

त्यांची तब्येत मधे बरीच बिघडली होती. दोन महिने रविवारी आल्या नाहीत. तेव्हाच आम्ही ठरवलं. कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही, चौघांच्याही मनात असणार. डॉक्टरांनी मुंबईहून ते नाणं आणलं. पण ते होतं कोरं, चकचकीत. एवढं जुनं नाणं असं दिसतं होय? डॉक्टर ते किल्ल्यांबरोबर पॅंटच्या खिशात घेऊन गोठ्यागोठ्यांतून हिंडले. मी देवाची माफी मागून फरशीवर थोडं घासलं, कारण नाण्याला घासणं म्हणजे आमच्यात पाप. गुरुजींनी मातीत पुरून ठेवलं. शेवटी परेशभाईंनी हळदीच्या डब्यात दडवलं आणि म्हणाले, आता हे नाणं डहाणूचंच झालं.

फ्रेनीबाई बऱ्या होऊन आल्या तो रविवार. जरा वाळल्या होत्या, छत्री काठीसारखी टेकत होत्या. रवा, साखर, चहा, मेणबत्त्या घेतल्या आणि नोट दिली. परेशभाईंनी गल्ल्यातून सुट्टे काढले आणि ते नाणं मधोमध घालून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आम्ही तिघं ओट्यावर फाफड्यात तोंड घालून बसलो होतो. डॉक्टर एकच तुकडा चावत होते.

फ्रेनीबाई एकेक नाणं बघत गेल्या. मग थांबल्या.

त्यांनी ते नाणं बोटात धरून उजेडाकडे केलं. साल वाचलं. अंगठा फिरवला. पलटून नकाशा बघितला, पुन्हा साल बघितलं. मग नाणं नाकाशी नेलं. मग आमच्याकडे बघितलं, आधी परेशभाईंकडे, मग डॉक्टरांकडे, गुरुजींकडे, माझ्याकडे. कितीतरी वेळ बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

त्यांनी ते नाणं काउंटरवर ठेवलं आणि बोटाने परेशभाईंकडे सरकवलं.

"परेश, एक माचिस दे ने."

परेशभाईंना कळेचना काय करावं. त्यांनी माचिस दिली. फ्रेनीबाईंनी ती पिशवीत टाकली, आमच्यापाशी आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पुढच्या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे चहाला यायचं. रिक्षात बसल्या आणि गेल्या.

नाणं काउंटरवर होतं. तेवढ्यात धाकटी डहाणूची एक बाई पाटी डोक्यावरून उतरवून आली, तिने खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि पैसे दिले. तिला दोन रुपये परत द्यायचे होते. परेशभाईंनी गल्ल्यात हात घातला, थांबले आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघांनी होकाराची मान डोलावली.

त्यांनी काउंटरवरचं ते नाणं उचलून तिच्या हातात दिलं. तिने न बघता कमरेच्या पिशवीत टाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली.